घारीचं कोपर

तिचं खरं नाव कारखान्यात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. हजेरीला पुकारलं तर चार जण वळून बघायचे, की ही नवीन बाई कोण बुवा? तिला सगळे घार म्हणायचे. कारण ती बसायची वर, छपराला टेकलेल्या क्रेनच्या केबिनमध्ये, आणि तिथून तिला सगळं दिसायचं. कोण पायपाच्या आडोशाला डुलकी काढतोय, कोण डोक्यावरची टोपी बुडाखाली घेऊन बसलाय, कोण दुसऱ्याच्या डब्यात हात घालतोय. भोंग्याचं बटण तिच्या पायाखाली होतं. तिनं टाच टेकवली की डुलक्या घेणारा टुणकन उभा राहायचा आणि वर बघून हात जोडायचा.

कारखाना पायपांचा. पाईप म्हणजे काय, माणूस वाकून आत शिरेल आणि पलीकडून बाहेर येईल एवढाले. ते साखळीला अडकवून उचलायचे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि लाकडी पाचरांवर ठेवायचे. ठेवताना दणका बसला तर पायपाला चीर जाते. घार ठेवायची ते झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तसं. खालचा साखळीवाला म्हणायचा, "मावशी, तुम्ही पाईप ठेवला की नाही ते मला साखळी सैल पडल्यावरच कळतं."

अशा ह्या बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं रुसली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. हात झटकला की जायच्या. मग येऊन मुक्कामालाच राहायला लागल्या. चहाचा कप सुटला, तिनं कपाला शिव्या घातल्या. बटण लागेना, शिंप्याला शिव्या घातल्या. मग एक दिवस घराच्या कुलपात किल्ली फिरेना. आता तिचा नवरा होता चावीवाला. चौकात त्याची टपरी, गावातली अर्धी कुलपं त्याच्या हाताखालून गेलेली.

"अहो, कुलूप बदला. अडकतंय."

नवऱ्यानं दोन बोटांत किल्ली धरली आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरवली. "कुलूप माझ्या हातचं आहे," तो म्हणाला. "ते बिघडत नाही. तुझा हात बघू."

"हाताला काय धाड भरलीय?" म्हणून तिनं हात पदराखाली घेतला.

धाड भरली होती, आणि ती भर पाळीत कळली. पाईप साखळीला लटकलेला, खाली साखळीवाला आणि आणखी दोघं. हूक खालीवर करायचा लिव्हर उजव्या हातात. तो तिला ओढायचा होता, आणि बोटांनी ओढलाच नाही. म्हणजे ती ओढत होती, पण बोटांपर्यंत निरोपच पोचत नव्हता. पाईप हेलकावा खाऊन साखळीवाल्याच्या डोक्यावरून गेला. घारीनं टाच भोंग्यावर दाबून धरली, खालची माणसं पांगली, मग डावा हात उजवीकडे नेऊन तिनं लिव्हर ओढला आणि पाईप खाली टेकवला. दणका बसला. चीर गेली.

कुणाला काही लागलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर साखळी घसरली म्हणून मिटलं असतं; साखळीवाला स्वतःच तसं ओरडत होता. पण घार शिडीवरून उतरली, उजवं कोपर दांड्यात अडकवून, डाव्या हातानं धरत धरत, आणि थेट फोरमनपुढे जाऊन उभी राहिली.

"साखळी बरोबर होती. माझी बोटं मेली होती. हात नीट झाल्याशिवाय मी वर जाणार नाही."

फोरमन भला माणूस. त्यानं तिला पाणी दिलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि कारखान्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. सगळी गडबड तिथून सुरू झाली.

डॉक्टरनं मानेचा फोटो काढला. फोटो उजेडाकडे धरून तो बराच वेळ हं हं करत राहिला.

"मणके झिजलेत."

"पण माझी मान दुखत नाही हो."

"दुखेल," डॉक्टर म्हणाला, जसं काही तो तिला धीरच देत होता. "मानेतून नस निघते, ती हातात जाते. वर दाबली की खाली मुंग्या. वयाचं आहे, बाई. आता क्रेन बंद. गळ्याला पट्टा बांधा आणि खालचं काम घ्या. तीन आठवड्यांनी या, कायमचं लिहून टाकू."

घारीची रवानगी झाली स्टोअरमध्ये. हातमोजे द्यायचे, टोप्या द्यायच्या, फाटके परत घ्यायचे. सगळ्यांनी मिळून तिची अशी काही बडदास्त ठेवली की विचारू नका. फोरमननं गादीची खुर्ची आणून दिली. साखळीवाल्यानं पंखा तिच्याकडे वळवून बांधला. येणारा जाणारा म्हणायचा, "बरं झालं मावशी, सुटलात. किती वर्षं लटकणार?" तिला कुणी हाकलत नव्हतं. हाकललं असतं तर ती भांडली असती, भांडायला ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण हे सगळे तिला मायेनं खाली बसवत होते, आणि मायेशी भांडायचं कसं ते तिला उमजत नव्हतं.

आणि वर क्रेन चालू होती. दुसऱ्या पाळीचा माणूस तिच्या जागी बसत होता. वाईट चालवत नव्हता, पण प्रत्येक पाईप टेकताना स्टोअरच्या पत्र्याला थरथर जाणवायची, आणि घार हातातला मोजा तसाच धरून वर बघायची.

गळ्यात पट्टा बांधून ती आरशापुढे उभी राहिली. "बैलाला झूल घालतात तशी दिसतेय," ती म्हणाली.

"छान दिसतेस," नवरा म्हणाला. "मान ताठ राहते तुझी."

"माझी मान कधी वाकडी होती?"

पट्टा झाला, गोळ्या झाल्या, शेक झाला. मान होती तशी ठणठणीत, आणि बोटं होती तशी मेलेली. वर आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये जी मांसाची गादी असते, ती उजव्या हाताची बसायला लागली होती. डाव्या हाताला टेकडी, उजव्या हाताला खड्डा. तिनं दोन्ही हात डॉक्टरपुढे टेबलावर ठेवले. आता त्याच्याही कपाळाला आठी पडली आणि त्यानं तिला हातात करंट सोडून बघायच्या तपासणीला धाडलं.

तिथला डॉक्टर अगदी कोवळा होता. त्यानं हाताला तारा चिकटवल्या, टकटक झटके दिले, बोटं आपोआप उडाली. घार म्हणाली, "बाबा, तुझं ऐकतात, माझं नाही ऐकत." तो हसला. मग म्हणाला, "मावशी, करंट हळू जातोय हे खरं. वाटेत कुठंतरी अडतोय. पण नेमका कुठं, ते ह्यात स्पष्ट येत नाही. मान असेल, कोपर असेल. मी तुमच्या जागी असतो तर कोपराची सोनोग्राफी करून नस डोळ्यांनी बघितली असती."

कारखान्याचा डॉक्टर हे ऐकून खुर्चीत मागे रेलला. "सोनोग्राफी पोटाची करतात, बाई. नस काय दिसायचीय त्यात. उगाच दगदग. सोमवारी या, मी कायमचं लिहितो आणि तुम्ही निवांत व्हा."

"सोमवारी येते," घार म्हणाली. "पण निवांत व्हायला नाही येत."

शनिवारी ती नवऱ्याला घेऊन सोनोग्राफीच्या दवाखान्यात गेली. तो नको नको म्हणत होता, टपरी उघडायचीय म्हणत होता, तरी आला. आत बघतात तर ओळीनं पोटुशा पोरी बसलेल्या. त्यांचे नवरे हातात पिशव्या घेऊन भिंतीला चिकटलेले. त्यांच्यात हा पिकल्या केसांचा चावीवाला जाऊन उभा राहिला, तर एकानं सरकून त्याला मानानं जागा दिली.

घारीच्या शेजारची पोरगी बराच वेळ चुळबुळत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "मावशी, तुम्हाला कितवा?"

"मला उजवा," घार म्हणाली.

पोरगी बावचळली. घारीनं कोपर वर करून दाखवलं, तेव्हा अख्खी ओळ हसली, आणि एकजण पोट धरून म्हणाली, "हसवू नका हो, आधीच दम निघत नाहीय."

कारण तिथं आलं की काउंटरवरची बाई प्रत्येकाला एकच सांगायची: पाणी प्या, पोट तट्ट भरू द्या, आणि नंबर येईस्तोवर उठू नका. घारीलाही तिनं मान वर न करता तेच सांगितलं होतं. घारीला वाटलं, असेल काही. तिनं भलीमोठी बाटली रिकामी केली. नवऱ्यानं आणखी एक भरून आणली, तीही केली. आता ती दात खाऊन बसली होती.

नंबर लागला. आत अंधार, आणि मशीनपुढे जाड भिंगांचा चष्मा लावलेली डॉक्टरीण. आवाज पुरुषी, बोलणं तुटक. "कुठं?"

"कोपर. पण डॉक्टर, लवकर करा. पाणी फार झालंय."

डॉक्टरणीचा हात जेलीच्या बाटलीवरच थांबला. "कोपराला पाणी कशाला प्यायलात?"

"तुमच्या बाईनं सांगितलं!"

"अहो, ते पोटाला. जा, जाऊन या आधी." आणि दार उघडून ती बाहेर ओरडली, "अगं, विचारत जा गं लोकांना, काय दुखतंय ते!"

घार हलकी होऊन आली तेव्हा डॉक्टरणीचा तुटकपणा जरा विरघळला होता. नवऱ्यालाही तिनं आत बोलावलं. थंडगार जेली कोपरावर ओतली आणि साबणाच्या वडीएवढा दांडा मनगटापासून वर वर सरकवायला सुरुवात केली. पडद्यावर नुसतं करडं धुकं. घारीला त्यात ओ की ठो कळेना.

"इथं बघा," डॉक्टरीण म्हणाली. "हे गोल, आत बारीक बारीक भोकं, मधमाशांच्या पोळ्यासारखं. ही तुमची नस. तुमची करंगळी ह्या नसेच्या जिवावर चालते. आता मी तिच्या मागं मागं जाते. मी कुठं चुकले तर सांगू नका, मी चुकत नाही."

दांडा वर सरकला. पोळं बारीक, छान, ठिपक्याठिपक्यांचं, तसंच चाललं होतं. कोपराच्या आतल्या अंगाला हाडाचा जो उंचवटा असतो, तो पांढऱ्या डोंगरासारखा आला, आणि त्याच्या मागं पोळं चपटं झालं. आणखी वर गेल्यावर एकदम फुगलं. भोकं गेली. नुसता काळा डाग, टपोरा.

डॉक्टरणीनं डागाभोवती रेघ ओढली, आकडा बघितला. "डावा हात द्या."

डाव्या कोपराशी तेच पोळं लहानसं, नीटस बसलेलं. तिथंही रेघ ओढली.

"उजवी डावीच्या दुपटीहून जास्त सुजलीय. पाण्याचा पाईप मुडपला की नळाच्या बाजूला कसा फुगतो? तसं. मुडपलंय इथं, कोपरात. मानेत दुखणं असतं तर नस इथं येऊन फुगली नसती." तिनं चष्मा वर ढकलला. "आता कोपर वाकवा. हळू. आणखी. काम करताना वाकवता तेवढं."

घारीनं कोपर वाकवलं, आणि पडद्यावर एक करडा पट्टा कुठून तरी सरकत आला आणि नसेच्या उरावर बसला.

"हा कोण?" घारीनं विचारलं.

"हा जास्तीचा स्नायू. सगळ्यांना नसतो, काहींना जन्मापासून असतो. तुम्ही वाकवलं की हा दाबतो."

"म्हणजे मला देवानं एक जास्तीचा दिला, आणि तोही कामचुकार?"

"कामचुकार कसला, नको तिथं काम करतोय," डॉक्टरीण म्हणाली. "पण एवढ्यानं एवढी सूज येत नाही. हा काय आज उगवलेला नाही. कोपर कशावर टेकवता दिवसभर?"

घारीनं एकदा दाराकडे बघितलं.

गोष्ट अशी होती. केबिनमधली खुर्ची बनवली होती उंच माणसाच्या मापाची. घार बुटकी. खालचं नीट दिसावं म्हणून तिनं खुर्ची वर चढवून घेतली, तेव्हा हात टेकायची फळी राहिली खाली आणि कोपर लोंबायला लागलं. मग तिनं खोक्याच्या लाकडाचा एक ठोकळा आणला, त्याला जुना चामड्याचा पट्टा गुंडाळला आणि फळीवर स्वतः ठोकून बसवला. काय आराम वाटला तिला! त्या ठोकळ्यावर कोपर रोवून तिनं वर्षानुवर्षं पाईप उचलले. लिव्हर हलवायचा तर कोपर तिथून हलवायलाच लागायचं नाही, ह्याचा तिला कोण अभिमान. आणि केबिनमधल्या कशालाही हात लावायचा नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही, हा कारखान्याचा पहिला नियम. ह्या एका ठोकळ्यापायी तिला कामावरून काढलं असतं तरी कुणी चूक म्हटलं नसतं.

"बाई, मी पोलीस नाही," डॉक्टरीण म्हणाली. "खोटं सांगितलंत तर मी खोटंच लिहीन."

"लाकडावर," घार म्हणाली. "मीच लावलंय. कडा नेमकी इथं येते." आणि तिनं कोपरावर बोट ठेवलं ते बरोबर नस चपटी झाली होती तिथं.

डॉक्टरणीनं मान डोलावली. मग जे होतं ते सांगून टाकलं: नस मोकळी करायचं ऑपरेशन आहे, मोठं नाही, पण बसलेली गादी परत भरते की नाही हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कधी भरते, कधी अर्धी भरते. महिने लागतात. आणि थांबलं तर उरलेली बोटंही जातील.

बाहेर पडल्यावर घारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. फोटो छातीशी धरून ती रस्त्यानं ताडताड चालली होती. "कोपर! कोपर निघालं! मान नाही! आता सोमवारी बघतेच मी!" दोन चौक गेल्यावर तिला कळलं की आपण एकट्याच बोलतोय. नवरा मागं राहिला होता. टपरीशी पोचल्यावर तो कुलूप उघडायच्या ऐवजी त्याच्याकडे बघतच उभा राहिला.

"काय झालं? आनंद नाही झाला तुम्हाला?"

"झाला की."

"मग तोंड असं का? सुतक पडल्यासारखं?"

चावीवाल्यानं किल्ली काढली, परत खिशात ठेवली. "मी फोरमनला भेटलो होतो," तो म्हणाला. "तू पाईप आदळलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, तिला आता वर चढवू नका. स्टोअरची जागा आहे तर तिला द्या. गादीची खुर्ची द्या म्हणून मीच सांगितलं."

घारीनं आवाज काढला तो असा की पलीकडच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

"माझ्या मागून? अहो, माझ्या मागून गेलात? मी तिथं तोंडावर सगळं कबूल करून आले, आणि तुम्ही मागच्या दारानं जाऊन माझी खुर्ची विकलीत?"

"हळू बोल."

"का हळू? तुम्ही हळू बोललात म्हणून तर हे झालं!"

"अगं, एका हातानं उतरलीस ती शिडी!" तोही आता ओरडला. कधी न ओरडणारा माणूस, त्याचा आवाज मध्येच फाटला. "साखळीवाला मला सांगत होता, कोपर अडकवून अडकवून उतरली म्हणून. तू पडली असतीस तर मी काय करणार होतो? चाव्या बनवत बसणार होतो? घाबरलो मी. माणूस घाबरू नये का?"

घारीचा राग अर्ध्यावर अडकला. पण तिनं तो सोडला नाही.

"घाबरा," ती म्हणाली. "हवे तेवढे घाबरा. पण माझ्या समोर घाबरा. मला सांगा, मला बांधून ठेवा, माझ्याशी चार दिवस बोलू नका. पण परत कुणाला जाऊन माझ्या हाताचं काय करायचं ते सांगितलंत तर बघा. हात माझा आहे. मेला तरी माझा आहे."

पलीकडचा दुकानदार आत गेला. चावीवाल्यानं टपरी उघडली. तो दिवसभर एक अक्षर बोलला नाही, आणि तीही बोलली नाही, पण घरी गेली नाही. त्याच्याच स्टुलावर, त्याला अडचण होईल अशी, बसून राहिली.

सोमवारी ती डॉक्टरपुढे गेली तेव्हा फोरमनही तिथंच होता. कायमचा कागद लिहून तयार, फक्त सही राहिलेली. घारीनं त्या कागदावर सोनोग्राफीचा फोटो ठेवला, डॉक्टरणीच्या लेखी निष्कर्षासकट.

डॉक्टर वाचायला लागला. आधी उभा, मग बसून. मग त्यानं फोन लावला आणि बराच वेळ त्या पुरुषी आवाजाचं ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर तो घारीकडे वळला. "मणके झिजलेत ते खोटं नव्हतं, बाई. तुमच्या वयात निम्म्यांचे झिजलेले असतात. ते दिसले आणि मी तिथंच थांबलो. पुढं बघायला हवं होतं."

घारीला वाटलं होतं तो भांडेल. तिनं घरून चार वाक्यं घोटून आणली होती, ती तोंडातच राहिली.

"आणखी एक," तिनं फोरमनकडे वळून सांगितलं. "कोपराखालचा ठोकळा मी लावलाय. कारखान्याला न विचारता. त्यानंच नस चेपली. लिहायचं तर लिहा."

फोरमन आ वासून बघत राहिला. "तो तू लावलास? मला वाटलं क्रेनबरोबरच आला. दुसऱ्या पाळीचा माणूस म्हणतो, फार आरामाचा आहे, त्याला काढू नका!"

"त्याला सांगा आजच उखडून टाक. नाहीतर पुढच्या वर्षी तोही माझ्याकडे हातमोजे मागायला येईल. आणि मोजा चढणार नाही त्याला."

डॉक्टर खाली मान घालून हसला. फोरमन हसला नाही. त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि खालच्या आवाजात, घरातल्या माणसासारखं बोलायला लागला.

"ताई, ठोकळ्याचं मी बघतो. ताकीद मिळेल, जास्त काही नाही. पण आता नीट ऐक. स्टोअरची जागा कायमची आहे. आज हो म्हण, तुझी झाली. जन्मभराची काळजी मिटली. आणि जर म्हणालीस की ऑपरेशन करून वरच जाणार, तर हे तात्पुरतं होईल. स्टोअरमध्ये मला उद्याच दुसरा माणूस घ्यावा लागेल, ती जागा अडवून ठेवता येत नाही. तू महिनोन्‌महिने घरी. मग परीक्षा. त्यात हात चालला नाही तर वरची जागा गेली आणि खालचीही गेली. दोन्हीकडून मोकळी. कळतंय ना?"

"कळतंय."

"डॉक्टर, तुम्ही सांगा. हात भरेल परत?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला. "खरंच नाही."

"बघ. मी तुझ्या भल्याचं सांगतोय, ताई. तुझा नवरा पण..."

"नवऱ्याचं नाव काढू नका," घार म्हणाली. "त्याचं माझ्याशी बोलून झालंय."

तिनं उजवा हात टेबलावर पसरला. करंगळी बाकीच्या बोटांपासून जरा लांब, वाकडी, परक्यासारखी पडली होती. गादीच्या जागी खड्डा. वरच्या बाजूला क्रेन धावत गेली, छप्पर घरघरलं, आणि पाईप टेकल्याचा धक्का टेबलातून तिच्या तळहाताला लागला. दोन बोटं सोडून.

"तात्पुरतं लिहा," ती म्हणाली.

"ताई..."

"लिहा, डॉक्टर. ऑपरेशन करायचं, आणि नंतर परीक्षा. मी वर जाणार."

डॉक्टरनं पेन उचललं, पण टेकवलं नाही. "आणि हात भरला नाही तर? मग काय कराल?"

"मग मी स्वतः येऊन सांगेन, माझा हात चालत नाही म्हणून. ह्यांच्या पुढ्यात उभी राहून सांगेन. कुणाच्या डोक्यावर पाईप लटकवून मी हट्ट करणार नाही, ते तुम्ही माझ्यावर सोडा. पण हात चालतो की नाही हे कळायच्या आधीच, मला बरं वाटावं म्हणून, तुम्ही तिघांनी मिळून तो मेला असं ठरवायचं नाही."

फोरमननं कपाळाला हात लावला. डॉक्टरनं आधीचा कागद आडवा फाडला आणि नवा पुढे ओढला.

पाळी संपायला अजून वेळ होता. घार स्टोअरमध्ये जाऊन बसली, कारण दुसरा माणूस उद्या यायचा होता आणि आज हातमोजे कुणीतरी द्यायलाच हवे होते. गादीची खुर्ची तिनं भिंतीकडे सरकवली आणि खोक्यावर बसली. थोड्या वेळानं साखळीवाला आला, फाटका मोजा खिडकीतून आत टाकला आणि तिच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं.

"मावशी, खरं का? स्टोअर सोडलंत? अहो, कशाला? ऑपरेशन फसलं तर?"

"फसलं तर फसलं. तुला मोजा कुठला हवाय, डावा की उजवा?"

"दोन्ही द्या. मावशी, मी खरंच सांगतो, मी तुमच्या जागी असतो तर..."

"तू माझ्या जागी नाहीस," घार म्हणाली आणि डाव्या हातानं मोज्यांची जोडी खिडकीतून सरकवली. "तू खाली आहेस. टोपी घाल डोक्यात आणि जा. वर मी नाही, दुसऱ्या पाळीचा माणूस आहे."